जोला, परगणा पाटोदा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांवरच निम्मे आयुष्य गेले. पण माझ्या कामाच्या सेक्शनच्या आसपासच सेनापती तात्या टोपे लढले, म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला.

आपल्यातल्या कितीतरी घरांत 'आमचे पूर्वज पेशव्यांबरोबर इकडे आले' असे सांगतात. पुरावा विचारला की देवघरातला टाक दाखवतात. कागद क्वचितच निघतो. तात्यांच्या बाबतीत कागद आहे, पण तो ठेवला त्यांच्या शत्रूने.

७ एप्रिल १८५९ रोजी नरवरच्या मानसिंगाने दगा दिला आणि पाडौनच्या जंगलात तात्या पकडले गेले. १० तारखेला त्यांची जबानी लिहून घेतली, १५ तारखेला कोर्टमार्शल झाले, १८ तारखेला सिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला फाशी. ती जबानी इंग्रजी इतिहासग्रंथांत छापलेली आहे. सुरुवातीलाच वडिलांचे नाव पांडुरंग, राहणार 'जोला, परगणा पाटोदा, जिल्हा नगर', वय सुमारे पंचेचाळीस. मीही आता त्याच वयाचा, त्यामुळे तिथे जरा थबकलो.

हे 'जोला' म्हणजे आपले येवला! लिहिणाऱ्याला काय ठाऊक? पाटोदा आजही येवले तालुक्यात आहे. आणि येवला तर नाशिक जिल्ह्यात, मग नगर कसे? नाशिक जिल्हा झालाच मुळी १८६९ साली. म्हणजे पत्ता बरोबर आहे, फक्त वाचायला मराठी माणूस हवा.

आता आपल्या भागाकडे येतो. १ एप्रिल १८५८ ला झाशीच्या राणीच्या मदतीला आलेल्या तात्यांच्या फौजेचा बेतवेपाशी ह्यू रोजने पराभव केला. मग ७ मे रोजी कोंचला पुन्हा हार. कानपूर लाईनवरच्या एट जंक्शनवरून जी छोटी शाखा फुटते, तेच हे कोंच. लढाई हरलेला सेनापती पुढे कुठे जातो? जबानीत लिहिले आहे की जालौनपासून चार कोसांवर चिरकी नावाच्या गावी, तिथे आईवडील होते म्हणून. एवढ्या धामधुमीतले हे एक वाक्य आहे. पुढे लगेच ग्वाल्हेरची मोहीम येते. १ जून १८५८ ला ग्वाल्हेर हातात आले.

पण टोपे घराण्यातल्याच पराग टोपे यांनी २०१० साली आपल्या पूर्वजावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८५७ मधली उर्दू व बुंदेली पत्रे त्यांनी पुढे आणली. त्यांच्या मते तात्या १ जानेवारी १८५९ रोजी छिपाबडोदच्या लढाईतच पडले. छिपाबडोद आज राजस्थानच्या बारां जिल्ह्यात आहे. हे खरे मानले तर शिवपुरीत फासावर गेलेला माणूस दुसराच ठरतो.

घरच्या माणसाचे म्हणणे सहज उडवून लावू नये. पत्रे शोधण्याचे त्यांचे काम मोठे आहे आणि तात्यांना नुसते पळणारे म्हणून रंगवणाऱ्या इंग्रजी लेखकांना ते उत्तरही आहे. तरी माझा कौल शिवपुरीकडेच जातो, आणि तो त्या चिरकीच्या वाक्यामुळे. परक्या माणसाला बापाचे नाव सांगता येईल, परगणाही सांगता येईल. घरच्यांना विचारून इंग्रजांनीच ते भरले असेल, असेही कोणी म्हणेल. पण हरल्यावर आईवडिलांकडे गेलो, हे खोट्या जबानीत कशाला घालतील? त्याने खटल्याला काहीच जोर येत नाही. पराग टोपे यांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

जालौनचे मराठी संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले होते, म्हणजे तिकडे मराठी माणसांचा वावर जुनाच. म्हणून एक विनंती. ज्यांचे आजोळ जालौन, उरई, काल्पी भागात आहे त्यांनी घरातल्या जुन्या वह्या, बाडे, श्राद्धाच्या नावांच्या याद्या एकदा काढून पाहाव्यात. मोडी वाचता येत नसेल तरी टाकून देऊ नका. विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही चार-पाच जण कोंचवरून जालौनकडे जाऊन ते चिरकी शोधणार आहोत. गाडीत दोन जागा शिल्लक आहेत.