छापलेली भिंत आणि चकलीचा सोऱ्या
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आज पंचवीस वर्षांच्या आठवणी निघाल्या, मी थोडं पुढचं बोलतो. बंगळुरूला केंब्रिज लेआउटमध्ये १,०२१ चौरस फुटांचं एक पोस्ट ऑफिस आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आयआयटी मद्रासच्या मार्गदर्शनाखाली लार्सन अँड टुब्रोने ते ४३ दिवसांत उभं केलं. त्याच्या भिंती यंत्राने छापल्या आहेत! सेंट्रिंगच्या फळ्या न लावता नळीतून काँक्रीटचा थरावर थर.

वहिनींना हे लगेच कळेल. चकलीचं पीठ घट्ट झालं तर सोऱ्या दाबवत नाही, सैल झालं तर काटे मोडतात. काँक्रीटचंही तेच. पंपातून वाहायला हवं आणि नळीबाहेर पडताच उभं राहायला हवं.

पाणी जरा उतार मिळाला की वाहतं. ओलं काँक्रीट मात्र ठराविक जोर लागेपर्यंत जागचं हलत नाही. अशा पदार्थांचं गणित अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलं. आज कॉम्प्युटर त्याच आधारावर आधी हिशेब करतो: पाइपात दाब किती लागेल, थर किती पसरेल, वरच्या वजनाने खालचा थर दबेल का.

खरी मेख वेळेची आहे. पुढचा थर घाईने दिला तर भिंत बसते. उशीर केला तर खालचा थर सुकतो, सांधा नीट धरत नाही. आणि कच्च्या सांध्यातून पाणी कसं झिरपतं, हे टॉप फ्लोअरवाल्यांना मी सांगायला नको.

पण कॉम्प्युटरला जे आकडे द्याल, त्यावरच तो उत्तर देणार. बँकेत आम्ही कर्जासाठी आलेले प्रकल्प अहवाल वाचायचो. बेरीज नेहमी बरोबर असायची, प्रश्न गृहीत धरलेल्या आकड्यांचा असायचा. इथेही तसंच. सिमेंट बदललं, ऊन वाढलं, की ओल्या काँक्रीटचा स्वभाव बदलतो. म्हणून साइटवर मोजमाप हवंच. आजही साध्या बांधकामावर फूटभर उंचीचा पत्र्याचा शंकू भरून उचलतात आणि माल किती खचला ते पट्टीने मोजतात.

उद्या आपल्या रिडेव्हलपमेंटचा विषय निघेल. बिल्डर पडद्यावर सुंदर चित्रं दाखवेल. तेव्हा तरुण सभासदांनी एवढंच विचारावं, "साहेब, हे आकडे आमच्या साइटवरच्या मालाचे आहेत का? कधी मोजले?" उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय सही करू नका.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.