चेहऱ्यावरचे मुरूम आणि बाटलीतले आम्ल
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मुरुमांवर भाषण, म्हणून काहींना हसू येईल. परंतु नववी-दहावीला शिकविणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. वर्गाच्या फोटोच्या दिवशी गैरहजर राहणारी, स्नेहसंमेलनात नाव देऊन ऐनवेळी माघार घेणारी मुले-मुली कोण, हे तो सांगेल. त्यातच घरात स्थळाचा विषय निघाला की मुलीच्या गुणपत्रिकेआधी तिच्या रंगाची चर्चा होते. मग कोणीतरी मोबाईलवर पाहून ‘केमिकल पील’ची बाटली घरपोच मागविते. मी कला शाखेचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. वाचून-विचारून जे पक्के समजले तेवढेच आपणांपुढे मांडतो.

पील म्हणजे सोलणे. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तरुण वयात खालची नवी पेशी वर येऊन झडून जाण्यास साधारण चार आठवडे लागतात. मुरूम येणाऱ्या त्वचेत या मृत पेशी छिद्राच्या तोंडाशी चिकटून बसतात, आत तेल साचते, त्यात जंतू वाढतात आणि पुटकुळी सुजते. म्हणजे हा अस्वच्छतेचा रोग नव्हे. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या मुलालाही तो होतो. तेव्हा ‘तोंड नीट धुत नाहीस’ हे टोमणे मातापित्यांनी कृपा करून बंद करावेत.

आता बाटलीत काय असते ते पाहू. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून ते तेलकट छिद्रात शिरून आतला बूच मोकळा करते. मुरुमांसाठी ते विशेष उपयोगी. जर्मनीतील त्वचातज्ज्ञ उन्ना यांनी 1882 साली या आम्लाचे त्वचेवरील गुण वर्णिले होते. ग्लायकोलिक आम्ल उसात आढळते. त्याचा रेणू फार लहान, त्यामुळे ते झटकन आत जाऊन मृत पेशींमधील बंध सैल करते. लॅक्टिक आम्ल आपल्या दह्यातलेच. मँडेलिक आम्ल प्रथम कडू बदामापासून मिळाले. त्याचा रेणू मोठा, म्हणून ते सावकाश शिरते आणि सावळ्या त्वचेला सहसा मानवते. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल अधिक खोल जाते, त्वचेतील प्रथिने गोठवून पांढरा थर आणते. फिनॉल तर सर्वांत खोल जाणारे. ते रक्तात शिरून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, म्हणून ते लावताना हृदयावर यंत्राची नजर ठेवावी लागते.

खरी मेख नावात नाही, प्रमाणात आहे. दुकानातल्या फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक आम्ल 2 टक्क्यांपर्यंत असते, तर दवाखान्यातील पीलमध्ये तेच 20 ते 30 टक्के. ग्लायकोलिक तर मिनिटे मोजून लावतात आणि वेळ होताच पाण्याने किंवा सोड्याच्या द्रावणाने थांबवितात. ही मोजणी आरशापुढे एकट्या बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने करावयाची काय? आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त. तिला जरा भाजले, सूज आली की जखम भरल्यावर मागे काळा डाग राहतो. डाग घालविण्यास जावे आणि दुप्पट घेऊन यावे, असा हा व्यवहार आहे.

घरगुती म्हणून लिंबू निर्धोक, असेही समजू नका. चेहऱ्याला लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून महिनोन्‌महिने न जाणारे चट्टे उठू शकतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे मेडिकलच्या दुकानातून ‘गोरे होण्याची’ म्हणून आणलेली ट्यूब. तिच्यात पुष्कळदा बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखे स्टिरॉइड असते. आठवडाभर चेहरा उजळतो, घरचे खूष होतात. पुढे त्वचा पातळ पडते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उसळतात, नको तेथे केस येतात. ट्यूब एकदम सोडावी तर आग होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी मलमे विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने 2018 साली केला. चिठ्ठी न विचारणारा दुकानदार ओळखीचा असला, तरी तो नियम मोडतोच आहे.

पील निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा आधी मलमे देतात आणि जोडीला पील करतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. डाग फिके होतात, पण खोल खड्डे हलक्या पीलने भरत नाहीत, आणि जन्मजात रंग तर बदलतच नाही. (तो बदलावा तरी का, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.) सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, तेथे पालकांनी मुलांसोबत जावे. ॲस्पिरिनची ॲलर्जी, ओठांवर वारंवार उठणारा जर, जखमेचा व्रण फुगण्याची सवय, मुरुमांसाठी चालू असलेल्या गोळ्या, विवाहित भगिनींच्या बाबतीत दिवस गेले असल्यास तेही, डॉक्टरांना न लाजता सांगावे. पीलनंतर काही दिवस साल निघते. ती नखाने ओढू नये आणि ऊन टाळावे. निकाह पंधरा दिवसांवर आला असताना तर पहिला पील मुळीच करवून घेऊ नये.