पोटातल्या कळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करायचे म्हटल्यावर पोटात गोळाच आला, तेव्हा म्हटले, पोटावरच बोलावे. हसू नका, यामागे एक हकीकत आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या जाऊबाईंचे पोट दुखू लागले. दुखणे कसे, तर बाळंतपणाच्या कळांसारखे. यायचे, पिळवटून टाकायचे आणि ओसरायचे. पोट फुगलेले, आतली गुडगुड शेजारी बसणाऱ्याला ऐकू यावी. शौचाला नाही, वाराही सरत नाही. मी शहाणीने त्यांना एरंडेल पाजले. कळा दुप्पट झाल्या आणि उलट्या सुरू. गाडीने कल्याण गाठेपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता. तो गार पडत चालला होता.

“घरी काय दिले?” डॉक्टरांनी विचारले. मी मान खाली घालून सांगितले. ते रागावले नाहीत. ऑपरेशन आटोपल्यावर मात्र त्यांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून मला समजावले. राहिलेले मी नर्सिंग शिकणाऱ्या भाचीला विचारून घेतले.

लहान आतडे १५ ते २० फूट लांब. त्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर, एक वेढे घेतलेला, एक उभा. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण पिनेमागचे कापड चिमटीत धरतो आणि पुढचे मोकळे सोडतो ना? आतडे तेच करते. घासाच्या मागे आवळते, पुढे सैल पडते. मागे दाब जास्त, पुढे कमी, म्हणून घास सरकतो. लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १८९९ साली कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवले. पण आतडे सारखे पुढेच ढकलते असे नाही. जेवणानंतर बराच वेळ ते मधे मधे आवळून अन्न जागच्या जागी कालवते. वरच्या भागात मिनिटाला साधारण १२ वेळा, खालच्या टोकाला ८-९ वेळा. कणीक मळल्यावाचून पोळी होत नाही, तसेच हे.

मग केर काढणे. पोट रिकामे असले की दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट वरून खाली जाते आणि उरलेसुरले झाडून नेते. पोटात कावळे ओरडतात त्यातली बरीचशी ओरड या केरसुणीची. शास्त्रज्ञांनीही हिला घर झाडणारीचेच नाव दिले आहे. तिथेही झाडू आपल्याच हाती! काही खाल्ले की ती थांबते. सारखे दाणे-कुरमुरे तोंडात टाकणाऱ्यांनी (त्यात मी पहिली) हे ऐकून ठेवावे.

जाऊबाईंचे आतडे जुन्या ऑपरेशनच्या जागी चिकटून वाट बंद झाली होती. बंद दाराला ते धक्के मारीत होते, त्याच त्या कळा. एरंडेलाने मी ते धक्के वाढवले. अशा वेळी आतडे फाटूही शकते. कळा, फुगलेले पोट, उलट्या आणि वारा न सरणे, ही एकत्र दिसली तर जुलाबाचे औषध नाही, चहा-पाणी नाही, तडक इस्पितळ. आणि येऊन-जाऊन दुखणारे पोट एकसारखे दुखू लागले, तर ते अधिक भयंकर.

ऑपरेशननंतर हाताळलेले आतडे काही काळ निपचित पडते. हल्ली पुष्कळ ऑपरेशनांनंतर लवकर पाणी देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. जाऊबाईंना मनाई होती. त्या चहासाठी व्याकूळ झाल्या, मीही थर्मास उघडलाच होता, पण या खेपेला बंद केला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा वारा सरला आणि आम्ही दोघी जावा लाज सोडून खळखळून हसलो. सिस्टरबाईंनी दोन चमचे पाणी द्यायला सांगितले.

जाऊबाई आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. कार्यक्रमानंतरचा चहा त्यांच्याच हातचा आहे.