बुखाऱ्याचा हौद आणि आमची पाणचक्की

श्रोतेहो, बुखारा हे नाव आपल्याला माहीत असतं ते फळवाल्याच्या हातगाडीमुळे. बुखाऱ्याचं आलू, म्हणून आलुबुखार. मला मात्र त्या शहराची ओढ लागली ती पाणचक्कीमुळे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, पाहुणा आला की आधी बीबी का मकबरा आणि मग पाणचक्की, असा शिरस्ताच आहे. त्या पाणचक्कीच्या आवारात ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे, गिझदुवान गावचे. हरसूलच्या बाजूनं मातीच्या नळांतून आणलेलं पाणी तिथे उंच भिंतीवरून हौदात पडायचं आणि त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरनं नहरीचं पाणी या गावात त्याआधीच खेळवलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी लहानपणापासून वाटायचं, या मुसाफिराच्या मुलखात पाणी कसं असेल?

निवृत्तीनंतर, ऑक्टोबर 2023 मध्ये, तो योग आला. दिल्लीहून ताश्कंद विमानानं जेमतेम तीन तासांवर. आपल्या पिढीला ताश्कंद म्हटलं की लालबहादूर शास्त्रीच आठवतात. तिथून आगगाडीनं बुखारा. मुक्काम दोन रात्रींचा, हाती एकच पूर्ण दिवस.

सकाळी बाहेर पडलो ते रोटीच्या वासानं. तिथे रोटीला ‘नॉन’ म्हणतात. तंदुरात भाजलेली, जाडजूड, मधोमध नक्षीचा ठसा उमटवलेली. आपल्याकडच्या नान-खलियातल्या नानची ही थोरली बहीणच. फरक असा, की आपला नान खलियात बुडतो आणि तिथली रोटी चहाबरोबर कोरडीच खातात. ती हातानंच मोडायची आणि ताटात कधी पालथी ठेवायची नाही, असं वाढणाऱ्या बाईंनी खुणेनं सांगितलं. आमची आई भाकरीच्या बाबतीत असंच दटावायची. चहा हिरवा, बिनदुधाचा. आधी पियाल्यात ओतायचा, परत किटलीत टाकायचा, असं तीनदा. मग पाहुण्याला द्यायचा तो अर्धाच. मला वाटलं, इथेही कटिंग! नंतर कळलं, अर्धा देणं हाच मान. पियाला काठोकाठ भरला, तर समजायचं की आता उठा.

बुखाऱ्यात ताजिक बोलतात, म्हणजे फारसीचीच बहीण. बाजार, दुकान, गोश्त असे शब्द कानावर पडत होते, त्यामुळे परकं असं वाटेचना. एकदा मात्र फसलो. दुपारी जेवताना ऐटीत ‘सब्जी’ मागितली, तर समोर गाजराचा कीस आला. तिकडे सब्जी म्हणजे गाजर! भात मात्र उत्तम. तांब्याच्या मोठ्या भांड्यात गाजर, मटण आणि तांदूळ थरावर थर रचून शिजवलेला. तिखटाचं नाव नाही. पहिले चार घास मिरचीची आठवण येत राहिली, मग ती गेली.

इमारतींबद्दल फार सांगत नाही, कारण त्या ऐकण्याच्या नव्हेत, बघण्याच्या. 1127 सालचा कल्याण मिनार मान वर करकरून पाहिला. सामानी राजांची कबर विटांची, पण विणलेल्या टोपलीसारखी दिसते. आमच्या गाइडबाईंचं हिंदी उत्तम होतं. मी हिंदुस्थानी आहे हे कळताच टोप्या विकणारा म्हातारा ‘राज कपूर’ म्हणून ओरडला आणि एक टोपी माझ्या गळ्यात पडली, म्हणजे डोक्यावर.

मी ज्यासाठी गेलो होतो ते हौद मात्र दिसेनात. पूर्वी या शहरात गल्लोगल्ली हौद होते, लोक त्यांतूनच पाणी भरत, भिस्ती मशकी घेऊन घरोघर जात, एवढं मी वाचलं होतं. मी जरा हळहळूनच बाईंना विचारलं, ‘कुणी बुजवले हो?’ उत्तर न देता त्या मला किल्ल्यासमोर घेऊन गेल्या. तिथे बोलो-हौज नावाचा एक हौद शिल्लक आहे, त्याच्या काठी लाकडी खांबांची सुंदर मशीद आहे आणि जवळच एक जाळीदार लोखंडी मनोरा उभा आहे. सोव्हिएत काळात, 1920 च्या दशकाच्या अखेरीस उभारलेली ही पाण्याची टाकी. सुंदर शहरात हे काय मध्येच, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘रिश्ता होता था यहाँ.’ मी म्हटलं, रिश्ता म्हणजे नातं ना? त्यांनी पोटरीवर बोट ठेवलं आणि काडीला दोरा गुंडाळावा तशी खूण केली.

श्रोतेहो, ती खूण मी ओळखली. नारू! माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. वैजापूर तालुक्यातल्या तिच्या गावी पायऱ्यांची विहीर होती. बायका पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहायच्या आणि तेच पाणी घरी प्यायला न्यायच्या. नारू झालेल्याचा पाय पाण्यात बुडला की जंताची पिल्लं पाण्यात सुटणार, तिथल्या बारीक पिसवांच्या पोटात जाणार आणि घोटाबरोबर आपल्या पोटात येणार. मग वर्षभरानं पायाला फोड, आणि त्यातून हातभर पांढरा दोरा. तो तुटू न देता काडीला रोज थोडा थोडा गुंडाळायचा. ऐन पेरणीच्या दिवसांत आजी महिनाभर अंथरुणाला खिळली होती, असं आई सांगायची. भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं ते 2000 साली. बुखाऱ्यातून तो 1930 च्या सुमाराला गेला. त्यासाठी हौद उपसले, बुजवले आणि नळ आणले. माझी हळहळ तिथेच थोडी लटकी पडली.

संध्याकाळी लब-ए-हौजवर जाऊन बसलो. लब म्हणजे ओठ, हौदाचा काठ. 1620 च्या सुमाराचा हा दगडी पायऱ्यांचा हौद राहू दिला आहे. भोवती तुतीची जुनी झाडं, शेजारी गाढवावर बसलेला मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा. काठावर पोरं आइस्क्रीम खात होती. पाणी आता कुणी पीत नाही, पण काठ भरलेले होते.

तेवढ्यात घरून फोन आला. आमच्याकडे तेव्हा नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, आणि ते कधी येईल याचा भरवसा नसायचा. सौ. घाईत होती. ‘अहो, पाणी आलंय. मोटार लावलीय, पिंपही भरायला घेतलेत. वरच्या टाकीचा कॉक कोणत्या बाजूला फिरवायचा?’ मी सांगितलं, डावीकडे. कॉक फिरवून ती परत फोनवर आली आणि क्षणभर थांबून म्हणाली, ‘तुमच्याकडे हा पाण्याचा आवाज कसला? पाणचक्कीवर बसलात की काय?’