नगर कोणाचे, नियम कोणाचे?



घरावर एक खोली चढवावयाची झाली, तर पुण्यात वा नाशकात महापालिकेचे दार सर्वांना ठाऊक असते. दिल्लीवासी आम्हा मराठी मंडळींना मात्र आधी कोणाचे दार ठोठवावे हेच कळत नाही. बांधकामाचा नकाशा एकाकडे, जमीन दुसऱ्याकडे. आणि नगरसेवक तिसरीकडे बोट दाखवितो.

जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे विषय घटनेने राज्यांकडे सोपविले आहेत. म्हणूनच १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा करण्यापूर्वी संसदेला राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव घ्यावे लागले. आणि १९९९ मध्ये संसदेने तो रद्द केला, तरी महाराष्ट्रात तो २००७ पर्यंत चालूच होता. राजधानीचा न्याय निराळा. दिल्ली विकास प्राधिकरण १९५७ च्या केंद्रीय कायद्याने जन्मले आणि १९६२ ची बृहद्‌योजना त्यानेच सिद्ध केली. पुढे १९९१ च्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा लाभली. पण जमीन केंद्राकडेच राहिली. २०१२ मध्ये त्या विधानसभेच्या कायद्याने महापालिकेची तीन शकले झाली, ती २०२२ मध्ये संसदेने पुन्हा सांधली! अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना, आणि त्यांत आमचीही काही कुटुंबे आहेत, मालकीहक्क देण्यासाठी २०१९ मध्ये संसदेलाच कायदा करावा लागला.

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांसाठी अठरा विषयांची सूची दिली. तीत नगरनियोजन अग्रस्थानी आहे. परंतु विधिमंडळ हे अधिकार ‘देऊ शकेल’ असे तेथे म्हटले आहे, ‘देईल’ असे नव्हे. एका क्रियापदाने केवढा घात करावा!

आम्हांस मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा अधिक शहाणा वाटतो. नगरपालिकेने वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून त्यांची फेरआखणी करावी, रस्त्यांना जागा काढावी, मूल्यवाढीचा काही अंश मालकांकडून घ्यावा. आणि सरकारने योजना पारखून संमती द्यावी. आरंभ खालून, तपासणी वरून. राजधानीच्या पाण्याची वा मोठ्या मार्गांची चिंता केंद्राने अवश्य वाहावी. गल्लीतील दुकानाचा निर्णयही त्यानेच करावा, हे आम्हांस पटत नाही.

तूर्त आमच्या हाती एक साधन आहे: हरकती व सूचना. २०४१ च्या बृहद्‌योजनेचा मसुदा जून २०२१ मध्ये त्यासाठी प्रसिद्ध झाला होता. असा मसुदा पुन्हा निघेल तेव्हा मंडळाने तो मागवून एका रविवारी सभागृहात वाचावयास ठेवावा, आणि लेखी हरकती मुदतीत पोहोचवाव्यात, एवढी आमची सूचना आहे.