वायफाय बंद पडलं की आधी काय बघायचं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवांनी मला 'बँकेतले अनुभव' हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. बँकेच्या गोष्टी ऐकून तुमचे कान किटलेत, आणि हल्ली मला सोसायटीत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न निराळाच आहे : "काका, लॅपटॉपवर नेट चालंना, बघता का जरा?"

पंचवीस वर्षांपूर्वी आपण पाथरीत हे प्लॉट घेतले तेव्हा कुरबुरी नळाच्या पाण्यावरून व्हायच्या. आता घरातल्या घरात वायफायवरून होतात. पोरांचे सीईटीचे अर्ज, आम्हा पेन्शनरांचा हयातीचा दाखला, पुण्यातल्या नातवंडांचा रविवारचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या एका डब्यावर येऊन ठेपलं आहे. शेवटच्या तारखेच्या रात्री तो डबा रुसला तर मुलाचं वर्ष जाऊ शकतं.

मी इंजिनिअर नाही. पण उमेदीची वर्षं फरक शोधण्यात गेली. संध्याकाळी बेरीज जुळली नाही की नवा क्लार्क सगळी व्हाउचरं उपसायला बसायचा. जुना माणूस आधी फरकाचा आकडा बघायचा. त्याला नऊने भाग गेला तर कुठंतरी आकडे उलटे पडले असण्याची शक्यता मोठी, ५४ चे ४५ झाले असतील. म्हणजे कुठं शोधायचं हे आधी, शोधणं नंतर. नेटलाही हेच लागू आहे. बिघाड तीनच ठिकाणी असतो : बाहेरून येणारी लाईन, घरातला डबा, नाहीतर लॅपटॉप.

पहिली परीक्षा मोबाईलची. तोच वायफाय मोबाईलवर चालतो का ते बघा, पण त्याआधी मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करा. हे बहुतेक जण करत नाहीत. वायफाय मेलेलं असलं तरी मोबाईल गुपचूप सिमच्या नेटवर जातो आणि आपण म्हणतो, "मोबाईलवर तर चालतंय, लॅपटॉपच खराब आहे." मग बिचारा लॅपटॉप परभणीला दुरुस्तीला जातो.

मोबाईलवरही चालत नसेल तर डब्याचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर एल-ओ-एस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाश येत नाही. जेसीबीने केबल तोडली असेल, नाहीतर खांबावर खारीने कुरतडली असेल. फार तर आपल्या बाजूची वायर नीट बसली आहे का, वाकली-मुडपली नाही ना, एवढं बघायचं आणि फोन करायचा. एकही दिवा नसेल तर आधी अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या. वादळात लाईट खाली-वर झाली की तो बिचारा जातो. नवा आणताना जुन्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच आणा.

दिवे ठीक, मोबाईल ठीक, तरी लॅपटॉपवर 'कनेक्टेड, नो इंटरनेट' येतं. इथं मला आपली पितळी टोकनं आठवतात. चेक दिला की टोकन मिळायचं, आणि त्या नंबरावर कॅशिअर पैसे द्यायचा. डबासुद्धा घरातल्या प्रत्येक यंत्राला असा नंबर देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये तो दिसतो. तिथं १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसला, तर समजा की लॅपटॉपला टोकन मिळालंच नाही, त्याने स्वतःच कागदावर नंबर लिहून घेतला. अशा टोकनावर कोण पैसे देणार? लॅपटॉपचं वायफाय बंद-चालू करा. नाही जमलं तर डबा अर्धा मिनिट बंद ठेवून लावा आणि दोन-तीन मिनिटं दम धरा. तरीही नाही, तर ते नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्डसकट पुन्हा जोडा. डब्यामागच्या बारीक भोकातलं रिसेटचं बटण मात्र टाचणीने दाबू नका. त्याने सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि माणूस बोलवावाच लागतो.

एक चमत्कारिक दुखणं सांगतो. नेट चालू, पण बँकेची साईट 'सुरक्षित नाही' म्हणते. लॅपटॉपची तारीख बघा. महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या जुन्या लॅपटॉपमधला छोटा सेल संपतो आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साईटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉपच्या हिशेबाने ते पुढच्या तारखेच्या चेकसारखं होतं. चेक चांगला, पण आपलं कॅलेंडर मागे. तारीख दुरुस्त केली की काम झालं.

आता रेंज. आपल्याकडे डबा बसतो टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर, आणि पोरगी अभ्यासाला बसते माडीवर. मधे स्लॅब. डबा घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा. बऱ्याच डब्यांतून दोन नेटवर्क दिसतात. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. २.४ चं हळू, पण लांब पोचतं. मात्र त्यात गर्दी फार. तिथं एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. शेजारी-शेजारी सगळ्यांचे डबे एकाच चॅनलवर असतील तर सगळेच रखडतात. यावर गल्लीगल्लीत बसून ठरवायला हवं असं माझं मत आहे. एका घराने १ घ्यावा, शेजारच्याने ६.

आणि वेग कमी वाटला तर आधी घरात विचारा. जायकवाडीचा डावा कालवा आपल्याला नवा नाही. वरच्यांनी दारं उघडी ठेवली की टेलवाला कोरडा. माडीवर सिनेमा उतरवणं चालू असेल तर खाली अर्ज कसा जाणार? शेवटच्या तारखेला मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवावा, हेही सांगून ठेवतो.

शेवटचं, आणि हे मी बँकवाला म्हणून सांगतो. नेट बंद पडलं की गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. तिथं चोर नंबर पेरून बसलेत. गोड बोलून ते स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतात, 'दहा रुपये भरा' म्हणतात आणि खातं रिकामं करतात. अशा अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. नंबर आपल्या बिलावरचाच घ्या. वायफाय दुरुस्त करायला कुणालाही ओटीपी लागत नाही. वहिनींनो, दुपारी घरात तुम्ही एकट्या असता, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतोय. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, मग बँकेला. तिथं मिनिटांचा हिशेब असतो.

नेटवाल्यांचे बिलावरचे नंबर सोसायटीच्या ऑफिसातल्या फळ्यावर लिहायला सचिवांनी होकार दिला आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथंच असतो. लॅपटॉप आणा, आणि कृपा करून चार्जरही आणा.