फरक कुठे पडला?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतल्या कारकुनाला गुणवंतांपुढे बोलायला उभे करण्यात कार्यकर्त्यांचा काय हेतू असावा, ते आम्हांस ठाऊक नाही. आमचे शिक्षण बी.ए. दहावीला गणितात काठावर पास झालो, तेव्हाच 'आपल्याला गणिताचे डोके नाही' अशी स्वतःची समजूत घालून घेतली आणि कला शाखेकडे वळलो. कला शाखेला आम्ही कमी लेखत नाही. परंतु ती आवडीने नव्हे, भीतीने निवडली, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो.

पुढे बँकेत लागलो. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी कॅश जुळेना. ४,५०० रुपये कमी. कमी पडलेली रक्कम खिशातून भरावी लागणार, या विचाराने पोटात गोळा आला. आम्ही त्याच नोटा चार वेळा मोजल्या. चारही वेळा तोच आकडा. शेवटी हेड कॅशियर जवळ आले आणि म्हणाले, "अहो, नोटा काय मोजत बसलात? फरकाला नवाने भाग जातो का बघा." जात होता. "मग आकडे उलटसुलट पडलेली स्लिप शोधा." दहा मिनिटांत सापडली. २,७०० रुपयांचा भरणा आम्ही ७,२०० असा टाकला होता.

यात जादू काही नाही. ७२ मधून २७ वजा केले की ४५ उरतात, ८१ मधून १८ गेले की ६३. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरक नेहमी नवाच्या पाढ्यात येतो. कारण एककातला आकडा दशकात गेला की त्याची किंमत दसपट होते, म्हणजे मूळ किमतीच्या नऊपट भर पडते. आणि दशकातला खाली आला की तशीच घट होते. शून्य गळून १,००० चे १०० झाले तरी फरक ९००, तोही नवाचाच. दिलेली रक्कम चुकून जमेला पडली तर फरक दुप्पट येतो, म्हणून फरकाच्या निम्म्या रकमेची स्लिप शोधायची. आज बेरीज संगणक करतो. पण त्यात आकडे माणूसच टाकतो. म्हणून ही विद्या अजून उपयोगी पडते.

आम्ही नोटा मोजल्या तसाच आपल्यातील अनेक मुले अभ्यास करतात. तोच धडा, तीच पाने, पुन्हा पुन्हा. जयंतीला आपल्याकडे सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. उपक्रम चांगला आहे, बसण्याची सवय लागते. पण मुले उठल्यावर आपण 'किती तास झाले?' एवढेच विचारतो. 'कुठे अडलास?' असे कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार बैठकांत नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि गंमत अशी की, 'आपल्या लक्षात राहील' ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! पालकांना आमची विनंती आहे की, मुलाच्या हातातले पुस्तक मिटून घ्या आणि 'आज काय वाचलंस ते सांग' एवढेच म्हणा. त्यासाठी आईला अक्षरओळख असलीच पाहिजे असे नाही.

यंदा आपल्या अभ्यासिकेतील एक मुलगी दहावीला गणितात नापास झाली. घरी शिक्षण बंद करण्याची भाषा सुरू झाली. तीही म्हणू लागली, "काका, मला गणित येतच नाही." हे वाक्य आमच्या चांगल्या ओळखीचे होते. मंडळाकडे अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि लाल पेन्सिल घेऊन दोघे बसलो. काही गणिते तिला खरोखरच येत नव्हती. पण बाकीची? एका ठिकाणी वजाचे चिन्ह उतरवताना गळाले होते. एका ठिकाणी क्षेत्रफळ विचारले होते, तिने परिमिती काढली होती. आणि एका गणितात भिंतीला टेकवलेली शिडी भिंतीवरच्या तिच्या टोकाच्या उंचीपेक्षा आखूड आली होती! शिडी डोळ्यांसमोर आणताच ती स्वतःच हसली. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी प्रश्न कसे सोडवावेत यावर १९४५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातली शेवटची पायरी हीच आहे : आलेल्या उत्तराकडे परत वळून पाहणे. परीक्षेत मुले उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि पुढे पळतात.

सुरुवातच सुचत नसेल तर सोपा आकडा धरावा. किंमत २० टक्के वाढवून मग २० टक्के सूट दिली तर मूळचीच किंमत राहते, असे अभ्यासिकेत बहुतेकांनी सांगितले. १०० रुपये धरा. वाढून १२०, त्यातून २४ गेले, उरले ९६.

त्या मुलीने आता चुकांची वही घातली आहे. डावीकडे काय चुकले, उजवीकडे का चुकले. 'निष्काळजीपणा' हा शब्द आम्ही तिला उजवीकडे लिहू देत नाही. आमच्या त्या ४,५०० रुपयांपुढे कोणी 'निष्काळजीपणा' लिहिले असते, तर स्लिप सापडली नसती. पुरवणी परीक्षा तिने दिली आहे, निकाल लागायचा आहे. वहीची चाळीस पाने भरली आहेत.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही अभ्यासिकेत असतो. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपली तपासलेली उत्तरपत्रिका सोबत आणावी. रागाने फाडली असेल तर चिकटवून आणावी. जय भीम.